मानमोडीच्या खुणा

आमच्या घरात जुन्या माणसांचे वय सालावरून कधीच सांगितले जात नसे. प्लेगात गाव माळावर गेले तेव्हा अमका पाळण्यात होता, विमानांसाठी माळ सपाट करायला घेतला त्या साली तमकीचे लग्न झाले, असा तो हिशेब. सांबऱ्याच्या माळावर इंग्रजांनी विमानतळ केला तो दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली. तेव्हा निदान या दुसऱ्या खुणेला साल चिकटवता येते. आजीच्या वयाची खूण मात्र मानमोडीची होती. "मानमोडीत मी चार वर्साची," एवढे ती सांगे आणि गप्प होई. तिची आई आणि पाळण्यातला भाऊ त्याच आठवड्यात गेले होते. तापाने ती स्वतःही फणफणली होती, पण वाचली. पुढे मुतग्यात आत्याने तिला वाढवले आणि तेथूनच ती आमच्या घरात सून म्हणून आली.

मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. मान मोडून टाकणारा ताप, म्हणून मानमोडी. आपल्या दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हाच शब्द रूढ होता. पुस्तकात तिला 'स्पॅनिश फ्लू' म्हणतात, पण स्पेनचा तिच्याशी संबंध इतकाच, की महायुद्धात तो देश तटस्थ होता आणि तिथली वर्तमानपत्रे मोकळेपणी बातम्या छापत होती.

हा लेख लिहावासा वाटला त्याचे कारण मात्र १९१८ नव्हे, २००९ साल आहे. त्या वर्षी ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. देशातला तो पहिला बळी. पुण्यातली शाळा-कॉलेजे बंद झाली आणि शिकायला गेलेली आपल्याकडची मुले एसटीने गावी परतू लागली. माझा पुतण्याही आला. येताना ताप घेऊन आला. दोन दिवसांत माझी पत्नी आडवी झाली, मग शेजारची दोन पोरे. आजी तेव्हा पंचाण्णवच्या घरात होती. आम्हा सगळ्यांचा जीव तिच्यासाठी खालीवर होत होता. तिचे अंथरूण मागच्या खोलीत हलवले, पोराला माजघरात ठेवले, मधल्या दाराला पडदा लावला. पण ती ऐकणाऱ्यातली नव्हती. रात्री उठून काठी टेकत ती त्याच्या उशाशी जाऊन बसे आणि कपाळावर हात फिरवत राही. मी रागावलो तर म्हणाली, "मला काय होतंय रे? मी मानमोडीतनं वाचलेली हाय."

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. नव्वद वर्षांपूर्वीच्या तापाने आजच्या तापापासून रक्षण होते, ही समजूत मला भाबडी वाटली आणि मी तसे तिला बोलून दाखवले. तिला खरोखरच काही झाले नाही. पुतण्याच्या घशातला नमुना तपासला गेला नव्हता, तेव्हा तो स्वाइन फ्लूच होता असे मी छातीठोकपणे सांगत नाही, आणि एका म्हातारीवरून सिद्धांत मांडता येत नाही हेही जाणतो. पण पुढच्या वर्षी जे शोधनिबंध प्रसिद्ध झाले त्यांची माहिती वाचली, तेव्हा आपण तिला उगीच हसलो असे वाटले. त्या शोधाची ही गोष्ट. ती सांबऱ्यात सुरू होते आणि फिलाडेल्फिया, केंब्रिज, मेलबर्न अशी भटकून परत येते.

आधी १९१८ साल नीट पाहू. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा करणारे काही पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. मुंबईचे आरोग्य अधिकारी टर्नर यांनी ही नोंद करून ठेवली आहे. ती पहिली लाट सौम्य होती. महिन्याभरात ओसरली, लोक विसरले. सप्टेंबरात ती परतली तेव्हा तिचे रूप पालटलेले होते. नवरात्राच्या सुमारास, ६ ऑक्टोबरला, एकट्या मुंबई शहरात एका दिवसात ७६८ माणसे दगावली. तिथून लोहमार्गाने ती दख्खनभर पसरली. बेळगाव तर पलटणीचे ठाणे, मिरजेहून लोंढ्याकडे जाणारी गाडी तालुक्यातून जाते. साथीला वेगळी वाट शोधावी लागली नसणार. त्यात त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. धान्य महाग, वैरण नाही, आणि ऐन सुगीत घरोघर माणसे निजलेली.

प्लेगाची लोकांना सवय झाली होती. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, शेतात झोपड्या घालायच्या, हे १८९७ पासून बेळगावकडच्या माणसांच्या अंगवळणी पडले होते. मानमोडीत त्याचा काही उपयोग नव्हता. झोपडीतही ती आलीच. शिवाय प्लेग ज्याला धरे त्याला धरे. या तापाने मात्र आधी धरली ती घरातली कर्ती माणसे. वीस ते चाळीस या वयातले मृत्यू सर्वांत जास्त, आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका अधिक मेल्या. आजाऱ्याची उस्तवार करणारी तीच, उपाशी राहणारीही तीच.

किती मेले? हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ च्या अहवालात ब्रिटिश मुलखापुरता साठेक लाखांचा आकडा धरला. पुढे किंग्सले डेव्हिस या लोकसंख्याशास्त्रज्ञाने तो १ कोटी ८५ लाखांवर नेला, मिल्स यांनी १९८६ साली १ कोटी ७० ते ८० लाख सांगितले, तर २०१२ मधल्या एका अभ्यासाने १ कोटी ३९ लाखांच्या आसपास आणून ठेवला. आकड्यांत लाखांनी नव्हे, कोटीने फरक पडतो याचे कारण आपल्या गावच्या दप्तरात आहे. मृत्यूची नोंद गावकामगार करत आणि नोंदीचे रकाने ठरलेले होते: कॉलरा, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात, इतर. इन्फ्लुएंझाला रकानाच नव्हता. ती सगळी माणसे 'ताप' या रकान्यात जाऊन पडली. पण जनगणनेला फसवता येत नाही. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ साली २५ कोटी २१ लाख लोक होते, १९२१ साली २५ कोटी १३ लाख. जनगणना सुरू झाल्यापासून लोकसंख्या घटलेले हे एकच दशक.

ज्या जंतूने हे केले तो त्या वेळी कुणालाच दिसला नाही. दिसला असे मात्र वाटत होते. फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली रोग्यांच्या कफात एक जिवाणू पाहिला होता आणि तोच इन्फ्लुएंझाचे कारण असे पाव शतकभर धरून चालले होते. खरा गुन्हेगार त्याहून कितीतरी लहान, मिलिमीटरचा दहाहजारावा भाग एवढा. तो हाती लागला १९३३ साली, लंडनच्या विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांच्या प्रयोगशाळेत. कुत्र्यांच्या एका रोगावरच्या संशोधनासाठी तिथे फेरेट नावाचे, मुंगसासारखे दिसणारे प्राणी पाळलेले होते. तापकऱ्याच्या गुळण्यांचे पाणी गाळून त्यांच्या नाकात घातले आणि ते माणसासारखे शिंकू लागले. पुढे १९३६ साली त्यांच्यातलाच एक फेरेट स्टुअर्ट-हॅरिस या तरुण डॉक्टरच्या तोंडावर शिंकला, डॉक्टर आजारी पडला आणि त्याच्या घशात तोच विषाणू सापडला. शास्त्राच्या इतिहासात इतका नेमका पुरावा इतक्या अनाहूतपणे फार थोड्यांना मिळाला असेल.

यानंतरचा महत्त्वाचा शोध कोंबडीच्या रक्ताचा आहे. १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हर्स्ट अंड्यात वाढवलेला विषाणू गोळा करत असताना गर्भाची एक रक्तवाहिनी फुटली आणि तांबड्या पेशी गोळा होऊन गुठळ्या झाल्या. विषाणूच्या अंगावर काहीतरी असे आहे की ते तांबड्या पेशींना चिकटते, हे त्याच्या ध्यानात आले. विषाणूच्या अंगावरच्या या काट्याला हीमॅग्लुटिनिन असे लांबलचक नाव मिळाले. आपल्या घशातल्या पेशींवर सायलिक आम्ल नावाची एक प्रकारची साखर असते. काट्याच्या टोकाशी एक खोबण आहे, ती या साखरेला धरते आणि विषाणू पेशीत घुसतो. विषाणूच्या अंगावर दुसरेही एक प्रथिन असते, न्यूरामिनिडेज. ते उलटे काम करते. नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना ही साखर कापून त्यांची सुटका करते. एकाने कडी घालायची, दुसऱ्याने काढायची. एच-वन-एन-वन वगैरे जी नावे आपण वर्तमानपत्रांत वाचतो त्यांतला 'एच' पहिल्याचा आणि 'एन' दुसऱ्याचा.

हर्स्टच्या गुठळ्यांतून एक साधी कसोटी निघाली. इन्फ्लुएंझातून उठलेल्या माणसाच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. रक्तातला पातळ भाग विषाणूत मिसळला, तर प्रतिपिंडे काट्यावर जाऊन बसतात, खोबण झाकली जाते आणि तांबड्या पेशींच्या गुठळ्या होत नाहीत. पेशी तळाशी लाल बटणासारख्या जमतात. रक्त किती पट पातळ करूनही हे घडते त्यावरून प्रतिपिंडांचे बळ मोजायचे. ही कसोटी आजही जगभर वापरतात. तिच्यामुळेच कळले की या वर्षीचे प्रतिपिंड पाचसात वर्षांनंतरच्या विषाणूला नीट ओळखत नाहीत. काटा तोच, पण त्याचा चेहरा हळूहळू बदलतो.

इथे मला टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो आठवतो. बेळगावच्या तरुण पिढीला ते क्रिकेटचे आणि सभांचे मैदान म्हणून ठाऊक आहे, पण तिथे एके काळी वासरांच्या कातडीवर देवीची लस वाढवली जाई आणि मुंबई इलाख्यात दूरवर पाठवली जाई. देवीचा विषाणू आपला चेहरा बदलत नव्हता. दंडावर टोचलेली ती लस वर्षानुवर्षे पुरली आणि १९८० साली देवी पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर झाले. इन्फ्लुएंझाची लस मात्र वर्षावर्षाला नवी करावी लागते. चेहरा बदलतो म्हणजे नेमके कुठे काय बदलते, आणि प्रतिपिंड नेमके कुठे बसते, हे कळल्याशिवाय यातून सुटका नव्हती. नकाशा हवा होता.

आम्हा सीमाभागातल्या माणसांना नकाशा हा शब्द जरा जपूनच वापरावा लागतो. पण इथे मोजणीदाराचीच उपमा चांगली बसते. शेताची मोजणी करायची तर हद्दीचे दगड सापडावे लागतात. विषाणूच्या काट्यावर दगड रोवणार कसा? माणसाच्या किंवा उंदराच्या रक्तात एकाच विषाणूविरुद्ध शेकडो तऱ्हांची प्रतिपिंडे एकत्र असतात. कोणी इथे बसते, कोणी तिथे. सगळ्यांचा गलका एकदम ऐकून कोण कुठून बोलतो ते कळत नाही. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी यावर उपाय शोधला. प्रतिपिंड करणारी उंदराची एक पेशी आणि सतत वाढत राहणारी कर्करोगाची एक पेशी यांचा त्यांनी संकर केला. त्या संकरित पेशीची पिलावळ अमर झाली आणि ती एकाच घडणीचे प्रतिपिंड हवे तितके देऊ लागली. याला मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातले, प्रतिपिंड म्हणतात. १९८४ साली त्या दोघांना नील्स येर्ने यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतल्या वॉल्टर गेरहार्ड यांनी हे हत्यार उचलले. मोजणीसाठी त्यांनी जो विषाणू निवडला तो १९३४ साली पोर्तो रिको बेटावर टॉमस फ्रान्सिस यांनी मिळवलेला होता. त्याचा काटा एच-वन जातीचा, म्हणजे मानमोडीच्याच कुळातला. गेरहार्ड आणि रॉबर्ट वेब्स्टर यांनी केले ते असे. एका मोनोक्लोनल प्रतिपिंडाच्या पुरात हा विषाणू सोडला. जवळजवळ सगळा मेला. पण लाखात एखादा जिवंत राहिला. तो का राहिला? कारण प्रतिपिंड जिथे पाय रोवत होते नेमकी तिथली एक वीट त्याने योगायोगाने बदललेली होती. काट्याचे एकेक प्रथिन साडेपाचशेच्या आसपास अमिनो आम्लांचे बनलेले असते. त्यांतले एक बदलले की पुरे. आता या वाचलेल्या विषाणूचा काटा तपासायचा आणि कोणती वीट बदलली ते पाहायचे. तोच हद्दीचा दगड.

मग दुसरे प्रतिपिंड, मग तिसरे. ज्या पळपुट्या विषाणूने पहिल्याला चकवले तो दुसऱ्यालाही चकवतो का? चकवत असेल तर दोघांची जागा एकच. नसेल तर वेगळी. अशी डझनावारी प्रतिपिंडे आणि पळपुटे एकमेकांवर तपासून १९८१-८२ पर्यंत गेरहार्ड, युडेल, केटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काट्याच्या डोक्यावरचे पाच सर्व्हे नंबर निश्चित केले. त्यांना नावे दिली: एसए, एसबी, सीए-एक, सीए-दोन आणि सीबी. 'एस' ची जागा त्या त्या वाणाची खास, वर्षागणिक बदलणारी. 'सी' ची जागा त्यामानाने अनेक वाणांत सारखी. यांतला एसए हा पहिला नंबर वाचकांनी ध्यानात ठेवावा. आपली गोष्ट त्याच्याकडे परत येणार आहे.

हे सगळे प्रत्यक्ष काटा न पाहता चालले होते. आंधळ्याने हाताने चाचपून देवळाचा नकाशा काढावा तसे. देऊळ डोळ्यांना दिसले ते १९८१ साली. हार्वर्डचे डॉन वायली, त्यांच्याकडे काम करणारे तरुण इयन विल्सन आणि लंडनचे जॉन स्केहेल यांनी १९६८ च्या हाँगकाँग साथीतल्या विषाणूच्या काट्याचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. विषाणूपासून काटा सोडवून घ्यायला त्यांनी वापरले काय, तर अननसातले ब्रोमेलेन हे पाचक द्रव्य. तीन दोरे पिळून केलेल्या दांड्यावर तीन पाकळ्यांचे गोंडे बसवावेत तसा काटा दिसला. दांडा विषाणूत रोवलेला, गोंड्याच्या टोकाशी साखर धरणारी खोबण. आणि प्रतिपिंडांच्या जागा? त्या खोबणीभोवती, गोंड्याच्या उघड्या भागावर. खोबणीचा तळ विषाणूला बदलता येत नाही, कारण मग साखर धरता येणार नाही. म्हणून तो तिच्या काठावरची माती सारखी हलवत राहतो. प्रतिपिंड काठावर पाय देऊन उभे राहते आणि काठच सरकतो.

न्यूरामिनिडेजचा नकाशा दोन वर्षांनी, १९८३ साली, मेलबर्नचे पीटर कोलमन, वर्गीज आणि ग्रॅम लेव्हर यांनी दिला. त्यातून निघालेली गोष्ट थोडक्यात सांगतो. कात्रीच्या पात्यांमधली जागा कधीच बदलत नाही असे त्यात दिसले. तिथे बसेल असा रेणू घडवता येईल या कल्पनेतून आधी झानामिव्हिर आणि मग ओसेल्टामिव्हिर हे औषध निघाले. टॅमीफ्लू म्हणतात ते हेच. २००९ साली आमच्या पोराने पाच दिवस ज्या गोळ्या घेतल्या त्या या नकाशाच्या पोटी जन्मलेल्या होत्या, हे त्या वेळी मला ठाऊक नव्हते.

आता परत मानमोडीकडे. १९१८ चा विषाणू तर कुणी जपून ठेवला नव्हता. पण अमेरिकन लष्कराच्या संग्रहात त्या साथीत मेलेल्या सैनिकांच्या फुप्फुसांचे मेणात बसवलेले तुकडे होते, आणि अलास्कात गोठलेल्या जमिनीत पुरलेला एक मृतदेह होता. त्यांतून जेफ्री टॉबेनबर्गर यांनी १९९७ पासून विषाणूची जनुके तुकड्या-तुकड्याने जुळवली आणि २००५ साली तो विषाणू कडेकोट प्रयोगशाळेत पुन्हा उभा केला गेला. असे करावे की नाही यावर बराच वाद झाला. मला स्वतःला तेव्हा ते धाडस नको होते असे वाटले. आज तितके खात्रीने म्हणवत नाही.

कारण त्यानंतर जेम्स क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. मानमोडी पाहिलेली माणसे अजून आहेत; त्यांच्या रक्ताला ती आठवते का? अमेरिकेतली ९१ ते १०१ वर्षे वयाची ३२ माणसे त्यांनी निवडली. सगळी १९१५ किंवा त्याआधी जन्मलेली, म्हणजे आमच्या आजीच्या बरोबरीची. सगळ्यांच्या रक्तात १९१८ च्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे निघाली. बत्तीसपैकी बत्तीस. आठ जणांच्या रक्तपेशी बारकाईने तपासल्या, तर सात जणांत ते प्रतिपिंड करणाऱ्या पेशीही अजून फिरत होत्या. नव्वद वर्षांनी. त्यांतल्या तिघांच्या पेशींपासून पाच मोनोक्लोनल प्रतिपिंडे तयार केली गेली आणि त्यांनी तो विषाणू निष्प्रभ केला. हा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला.

पुढच्याच वर्षी स्वाइन फ्लू आला, आणि डॉक्टर चक्रावले. इन्फ्लुएंझा दरवर्षी म्हाताऱ्यांना नेतो. हा तरुणांना धरत होता आणि साठीच्या पुढच्यांना बराचसा सोडत होता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जुने साठवलेले रक्त तपासले. १९८० नंतर जन्मलेल्यांत शेकडा चारांच्या रक्तात या नव्या विषाणूविरुद्ध आधीपासून प्रतिपिंडे होती. १९५० पूर्वी जन्मलेल्यांत शेकडा चौतिसांच्या, आणि तीही अधिक बळकट.

२०१० साली याचे कारण नकाशावर दाखवता आले. दाखवणारे होते तेच इयन विल्सन, ज्यांनी तरुणपणी काट्याची पहिली रचना पाहिली होती. क्रो यांच्या पाच प्रतिपिंडांपैकी टू-डी-वन हे एक, मानमोडीतून वाचलेल्या माणसाच्या पेशीचे. ते १९१८ च्या काट्यावर बसलेले असतानाची रचना विल्सन यांच्या गटाने उलगडली. प्रतिपिंड बसले होते एसए या जागेवर. मग २००९ च्या विषाणूचा काटा शेजारी ठेवला. एसए जागा जवळजवळ तशीच्या तशी. मधल्या काळात माणसांत फिरणाऱ्या एच-वन विषाणूंनी त्या भागावर साखरेच्या झुली पांघरल्या होत्या आणि विटा बदलल्या होत्या. १९१८ आणि २००९ या दोहोंच्या डोक्यावर मात्र ती झूल नव्हती.

नव्वद वर्षे ही जागा राहिली कुठे? डुकरांत. १९१८ साली माणसांबरोबर डुकरेही आजारी पडली होती आणि त्यांच्यात तो विषाणू टिकून राहिला. अमेरिकेतल्या रिचर्ड शोप यांनी १९३१ सालीच तो त्यांच्यापासून वेगळा केला होता. डुक्कर फार जगत नाही. दुसऱ्यांदा इन्फ्लुएंझा होण्याआधी त्याचे आयुष्य संपते, तेव्हा विषाणूला चेहरा बदलण्याची घाई पडत नाही. मानमोडीचा चेहरा डुकरांच्या कळपात जवळजवळ तसाच राहिला आणि २००९ साली माणसांत परतला. परतला तेव्हा त्याला ओळखणारी थोडी माणसे उरली होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आजीचे संरक्षण, जर ते होते, तर फक्त मानमोडीचेच असेल असे नाही. १९१८ च्या विषाणूची वंशावळ १९५७ पर्यंत माणसांत फिरत होती. त्या वर्षी आशियाई फ्लू आला आणि त्याने जुन्या कुळाला हुसकावले. आपल्या देशात त्या साथीत ४४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, मृत्यू मात्र १,०९८ नोंदले गेले. त्या चाळीस वर्षांत तिला आणखी कितीदा तरी ताप आला असेल. पण फ्रान्सिस यांनी दाखवून दिले होते की लहानपणी ज्या इन्फ्लुएंझाची पहिली गाठ पडते त्याचा ठसा रक्तावर सर्वांत खोल उमटतो. नंतरच्या प्रत्येक तापाने तोच ठसा उजळतो. याला त्यांनी १९६० साली 'आद्य पाप' अशा अर्थाचे नाव दिले. आजीच्या बाबतीत ते नाव मला शोभत नाही असे वाटते.

नकाशाचे काम अजून चालू आहे. एकेक वीट बदलून हजारो काटे एकदम तपासता येतात, आणि गोंड्याखालच्या दांड्यावर आता लक्ष आहे. तो फारसा बदलत नाही. दांड्यावर बसणारे प्रतिपिंड जपानी संशोधकांनी १९९३ सालीच दाखवले होते. गोंडा काढून टाकून नुसत्या दांड्याची लस करता येईल का, या प्रश्नावर आपल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवन वरदराजन यांच्या गटानेही मोलाचे काम केले आहे आणि उंदरांत त्याला यश आले आहे. तशी लस झाली तर एकदा टोचून वर्षानुवर्षे पुरेल, व्हॅक्सिन डेपोतल्या लसीसारखी. तूर्त तरी दरवर्षीची सुई आहे.

आजी २०११ साली गेली. तिच्या रक्ताचा थेंब कुणी तपासला नाही. पुण्याची विषाणू संस्था इथून एका रात्रीच्या अंतरावर, पण आम्हाला ते सुचले नाही, आणि सुचले असते तरी कुणाचे दार ठोठावायचे हे ठाऊक नव्हते.

ती गेल्यावर दोन वर्षांनी तिच्या माहेरच्या घरी हेळवी आला होता. आपल्या भागात हेळवी बैल घेऊन दारी येतात आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. मी मुद्दाम मुतग्याला गेलो. मानमोडीच्या साली या घरातले कोण गेले ते सांगा म्हटले. त्याने चोपडी उलगडली, पाने मागे-मागे नेली आणि आजीच्या वडिलांपाशी बोट ठेवले. त्याखाली पाळण्यातल्या त्या भावाचे नाव होते, पुढे 'निवर्तला' अशी खूण. आईचे नाव विचारले तर तो म्हणाला, आमच्या चोपडीत बायकांची नावे नसतात. मामेभावाने त्याला दोन पायल्या भात आणि धोतर दिले. निघताना त्याने विचारले, नाव ठाऊक असेल तर सांगा, लिहून ठेवतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आजी तिला नेहमी नुसते 'आई' म्हणायची.